बोरपाणीला वडील मिळाला नाही

नाताळ अंकाच्या संपादकांनी मला दोनदा पत्र घातलं. बाई, तुम्ही शिरपूर भागात तीस वर्षं बायबलबाईचं काम केलंत, तर किती आत्मे प्रभूकडे आणलेत त्याविषयी लिहा, असं त्यांचं म्हणणं. आत्मे मोजण्याचं काम माझ्याकडे कधी नव्हतं. ते धुळ्याला टेबलाशी बसून होत असे. मला विचाराल तर माझ्या नोकरीत मला उन्हानं त्रास दिला नाही, चालण्यानं दिला नाही, शिव्या देणाऱ्या म्हाताऱ्यांनीही फारसा दिला नाही. मला छळलं ते बैठकांनी. तेव्हा मी बैठकांविषयीच लिहिते. संपादकांना पसंत नसेल तर त्यांनी खुशाल परत पाठवावं.

बायबलबाई म्हणजे काय, हे आता मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, तरुण मुलींनाही सांगावं लागतं. पुरुष उपदेशक बाजारात, पारावर उभे राहून बोलत. घरातल्या बायकांपर्यंत त्यांचा आवाज जाई, ते स्वतः जाऊ शकत नसत. म्हणून वाचता येणाऱ्या बायका, बहुधा माझ्यासारख्या विधवा, त्या कामावर नेमत. मी मूळची पारोळ्याची. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, धुळ्याला वर्षभर शिकले आणि शिरपूरला नेमणूक झाली. सकाळी पिशवी खांद्याला लावून निघायचं, दोन-तीन कोस चालायचं, कुणाच्या तरी अंगणात बसायचं आणि वाचून दाखवायचं. पिशवीत शुभवर्तमानाच्या प्रती, चित्रांची गुंडाळी, डोळ्यांचं मलम आणि हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या. खरं सांगते, निम्मी दारं मलमानं उघडली.

बायका हातातलं काम टाकून कधी ऐकत नसत. आपण वाचायचं आणि त्यांनी निवडायचं, कांडायचं, सारवायचं. एकदा एका पाटलीणबाईंना मी मरीया आणि मार्थेची गोष्ट वाचून दाखवली. प्रभू घरी आले, मरीया पायांशी बसून ऐकू लागली, मार्था एकटी स्वयंपाकात गुंतली आणि तिनं कुरकुर केली तर प्रभूंनी तिलाच समज दिली. पाटलीणबाई तूरडाळ निवडत होत्या. त्यांनी सुपावरची मान वर न करता विचारलं, "इतला लोके जेवाले उनात ना? मंग मार्थानं काय चुकनं? ती बी बसती तर त्या काय खातात?"

पुढच्या खेपेला धुळ्याला गेले तेव्हा माणिकराव मास्तरांना तोच प्रश्न विचारला. मास्तरांनी अर्धा तास मूळ ग्रीक शब्दासकट समजावून सांगितलं आणि शेवटी आतल्या दाराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "अहो, चहा आणा बाईंना!"

हे माणिकराव मास्तर आमच्या शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीच्या कारभारातले मुख्य माणूस. उंच, काळा कोट, छत्री कधी न उघडता हातात धरायची सवय. ग्रीक थोडंफार येणारे आमच्याकडे ते एकटेच. मास्तर वाईट नव्हते हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

बोरपाणी हे गाव शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. पंचवीस-तीस झोपड्या, ज्वारी-नाचणीची थोडी शेतं, बाकी पोट मोहावर, डिंकावर आणि मजुरीवर. तिथली माणसं आपसांत भिली बोलत, माझ्याशी खानदेशी. मी महिन्यातून दोनदा जाई. आषाढ लागला की मात्र मधला नाला आणि पुढची नदी दोन्ही भरत आणि चार महिने तिकडचं तोंड दिसत नसे.

त्या गावात दित्या आबा होता. एका वर्षी पटकीची साथ आली आणि गाव रानात पळालं. जे आजारी होते ते तसेच पडून राहिले. दित्या राहिला आणि त्याच्या दोन्ही बायका राहिल्या. मी सांगितलं होतं की पाणी उकळून द्या, म्हणून त्या तिघांनी मोठ्या हंड्यात पाणी उकळून दारोदार नेलं. मेलेल्यांना पुरलंही त्यांनीच. साथ गेल्यावर गाव परतलं ते दित्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही असं ठरवूनच. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यासह अकरा घरांनी बाप्तिस्मा घेतला.

तेव्हाही दोन बायकांचा प्रश्न निघाला होता. पण त्या वेळचे आमचे मिशनरी, म्हातारे साहेब, म्हणाले होते, की प्रभूला ओळखण्याआधी यानं दोघींना शब्द दिला आहे, तो मोडायला मी सांगणार नाही. तिघांचाही बाप्तिस्मा झाला आणि प्रश्न मिटला असं मला वाटलं. मी तेव्हा तरुण होते. आमच्यात प्रश्न मिटत नाहीत, पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब होतात, हे मला कळलेलं नव्हतं.

थोरलीचं नाव सायकी, धाकटीचं बायजा. सायकीला मूल झालं नाही, तेव्हा तिनं स्वतःच आपल्या मावशीची मुलगी दित्याला करून आणली. बायजाला चार मुलं. मुलं सायकीला मोठी माय म्हणत आणि रुसली की तिच्याकडेच जात. सायकी काटक, कमी बोलणारी. मी वाचायला बसले की ती जात्याचा खुंटा धरून ऐके आणि काही पटलं की जातं एक क्षण थांबे. मला तेवढ्यावरून समजे.

म्हातारे साहेब वारले. त्यांच्या जागी आलेले साहेब मवाळ होते. काही वर्षांनी त्यांचंही मायदेशी परत जायचं ठरलं. जाण्याआधी त्यांनी धुळ्याच्या वडीलमंडळाला सांगितलं, की आता मंडळी तुमची तुम्ही चालवा. ज्या गावात विश्वासी आहेत त्या गावानं आपला एक वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा माणूस, निवडावा. ज्या गावाला वडील, त्या गावात प्रभुभोजनाचा विधी, बाप्तिस्मा, प्रेतविधी गावचं गावात व्हावं. ज्याला वडील नाही त्यानं धुळ्याहून माणूस येईपर्यंत थांबावं.

चार महिने पाण्यानं तुटणाऱ्या बोरपाणीला याचा अर्थ काय, हे मी सांगायला नको. मोहाच्या झाडाखाली गाव जमलं तेव्हा मी हजर होते. कोण वडील व्हावा असं मी विचारलं. सगळ्यांनी नुसतं दित्या आबाकडे पाहिलं आणि तो खाली बघून काडीनं माती उकरत बसला. मी नाव लिहून धुळ्याला पाठवलं.

आणि मग सुरू झालं.

वडीलमंडळात सात पुरुष. मला तिथे जागा नव्हती. पण बोरपाणीची माहिती माझ्याकडेच असल्यामुळे मला बोलावत, दाराजवळच्या बाकावर बसवत आणि विचारल्याशिवाय बोलू नका असं सांगत. शिरपूरहून मोटरनं तापीपर्यंत यायचं, नावेतून पलीकडे जायचं, पुन्हा दुसरी मोटर, की धुळं. हे सगळं करून दाराजवळ गप्प बसायचं.

पहिल्या दोन बैठका वडील नेमायचा कुणी यावरच गेल्या. मास्तरांचं म्हणणं, प्रेषित पौलानं आपला शिष्य तीत याला क्रेत बेटावर ठेवलं ते वडील नेमण्यासाठी. म्हणजे वरून नेमणूक व्हायला हवी, गावानं नुसतं नाव सुचवावं. त्यांच्यासमोर गुलाबराव नाना. नाना पारोळ्याचे, पोलिसात जमादार होते, पेन्शन घेऊन धुळ्यात राहिलेले. त्यांना आवाज लहान करता येत नसे. ते म्हणाले, "यरुशलेमेत सात सेवक निवडले ते लोकांनी निवडले! प्रेषित तिथे हजर असून त्यांनी लोकांना सांगितलं, तुम्ही निवडा! तुम्ही काय प्रेषितांच्या वर आलात?"

"नाना, ते सेवक होते, वडील नव्हते," मास्तर म्हणाले.

"आणि क्रेत हे बेट होतं, शिरपूर तालुका नव्हता!"

साहेब दोन्ही बाजूंना मान डोलावत. मला एकदाच विचारलं, की बोरपाणीत चहा पितात का. मी म्हटलं, पितात. तेही लिहून घेतलं.

तिसऱ्या बैठकीत, वडील हा शिकवण्यात निपुण हवा, आणि दित्याला अक्षर येत नाही, हे निघालं. तेव्हा मात्र मी न विचारता बोलले. म्हटलं, मी त्याला मार्काचं शुभवर्तमान पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचून दाखवलंय आणि मी कुठे ओळ गाळली तर तो मला थांबवतो. मास्तर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बाई, हे चांगलं आहे. याची नोंद करू." मुद्दा सुटला. मला वाटलं, आता ठराव होतो. त्याच वेळी मास्तरांनी चष्मा पुसला आणि पौलानं तीमथ्याला लिहिलेलं पत्र उघडलं. वडिलाला एकच बायको असावी, हे त्यात होतं.

पुढच्या तीन बैठका त्या एका वाक्यावर. मास्तरांनी फळ्यावर अर्थ लिहून दाखवले. पहिला अर्थ, एका वेळी एकच बायको. दुसरा अर्थ, बायकोशी इमानी असलेला पुरुष. तिसरा, जन्मात एकच बायको, ती वारली तरी दुसरी नाही. मास्तर पहिल्या अर्थाचे. नाना फळ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळू (म्हणजे त्यांच्या मानानं हळू) म्हणाले, "मास्तर, तिसरा अर्थ खरा असेल तर तुम्ही स्वतः कुठे बसता?"

मास्तरांची पहिली बायको प्लेगात वारली होती. चहा आणणारी ती दुसरी.

नानांना तेवढ्यानं पुरं झालं नाही. "आणि बायको असलीच पाहिजे असा अर्थ काढला, तर लिहिणारा पौलच बाद! त्याचं लग्नच झालं नव्हतं!"

दोघेजण एकदम उभे राहिले. साहेबांनी प्रार्थना करू या असं म्हटलं. आमच्यात भांडण हाताबाहेर गेलं की प्रार्थना करत. प्रार्थना लांबत गेली, कारण जो तो आपला मुद्दा प्रार्थनेत घालत होता.

सहाव्या बैठकीत तोडगा निघाला. ठराव असा, की दित्यानं थोरल्या बायकोपासून वेगळं राहावं. तिला मूल नाही, सबब तिला धुळ्याच्या विधवाश्रमात ठेवावं, अन्नवस्त्र मंडळी देईल. मग दित्याला वडील नेमण्यास हरकत नाही. ठराव सातही जणांना मान्य झाला. नानांनाही. त्यांना दित्या वडील व्हायला हवा होता आणि हाच मार्ग दिसत होता. आता हे बोरपाणीला सांगायचं कुणी? सातही जणांनी दाराजवळच्या बाकाकडे पाहिलं.

"बायकांचा विषय आहे," मास्तर म्हणाले. "सगुणाबाई नीट सांगतील."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दित्याच्या अंगणात बसून तो कागद मी वाचला. दित्या दोरी वळत होता. बायजा रडायला लागली. सायकीनं जातं थांबवलं आणि विचारलं, "हाई कोनता पानवर शे? ते बठ्ठं वाच."

मी पत्र काढून तो भाग सगळा वाचला. वडील भांडखोर नसावा, दारूच्या आहारी गेलेला नसावा, पैशाचा लोभी नसावा, पाहुण्यांचं आगतस्वागत करणारा असावा, आपलं घर चांगलं चालवणारा असावा. सायकी एकेका गोष्टीवर बोट दुमडत गेली.

"भांडत नई. पेस नई. लोभ करस नई." पाहुण्यांपाशी ती थांबली. "पाहुना उना तर भाकर कोन टाकस? आम्ही दोन्ही टाकतस. मी गयू तर बायजा एकलीच काय काय करी?" मग तिनं मला विचारलं, "धुयाना लोकेस्नी हाई बठ्ठं सोताले लाई पाह्यं का?"

दित्यानं दोरी खाली ठेवली. तो म्हणाला, "बाई, घरनी बाई भायेर काढीसन मी गावना वडील व्हऊ? हाई माले जमाव नई. त्यासले सांग, दुसरा पाहा."

दुसरा कोण? गावात दुसऱ्याचं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. धुळ्याहून उत्तर आलं, की निर्णय होईपर्यंत दित्यानं वडिलाचं कोणतंही काम करू नये. दित्यानं ते पाळलं. तसा तो पाळणाराच माणूस होता. त्याऐवजी तो हट्टी असता तर पुढचं झालं नसतं.

पावसाळा लागला. नाले भरले. श्रावणात गुमान नावाच्या माणसाचं सहा महिन्यांचं पोर तापानं गेलं. पुढे दिवाळीच्या सुमाराला मला कळलं ते असं, की पोराला पुरताना सगळं गाव उभं होतं, दित्याही होता, आणि प्रार्थना कुणी म्हटली नाही. पोराच्या आईनं दित्याकडे पाहिलं. दित्यानं मान खाली घातली. मनाई होती ना! खड्डा बुजवून लोक घरी गेले.

हे मला सायकीनं सांगितलं, माझ्या शिरपूरच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून. ती रात्रीच निघून एकटी चालत सकाळी पोचली होती. हातात एक गाठोडं.

"माले धुयाले लई चाल," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला? आबानं?"

"कोनीच नई. त्याले मालूम बी नई. मनी मी उनू." मग म्हणाली, "गुमाननी बायको मनाकडे पाहस ना बाई, तव्हय माले वाटस, मनामुळेच तिन्हा पोरले देवनं नाव भेटनं नई."

मी तिला परत पाठवू शकत होते. मी तिला सांगू शकत होते, की हे तुझ्यामुळे झालेलं नाही, धुळ्यात फळ्यावर अर्थ लिहीत बसलेल्या सात शहाण्यांमुळे झालंय, आणि कागद घेऊन येणाऱ्या माझ्यामुळे. पण मी काय केलं? मला वाटलं, पुढचा पावसाळा यायच्या आत गावाला वडील मिळेल. मी तिला भाकरी दिली आणि तिच्याबरोबर मोटरीत बसले. ती आयुष्यात पहिल्यांदा मोटरीत बसत होती. तिनं समोरच्या बाकाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला तो तापी येईपर्यंत सोडला नाही.

धुळ्यात तिचं फार कौतुक झालं. मास्तरांनी स्वतः खुर्ची पुढे केली. साहेब म्हणाले, की असा त्याग मी पाहिला नाही. आश्रमात तिला पांढरं लुगडं दिलं. नवरा जिवंत असलेल्या बाईला! तिनं ते घडी करून उशाशी ठेवलं आणि आपलं जुनंच नेसली. रिकामं बसता येईना म्हणून साऱ्या आश्रमाचं दळण तीच दळू लागली. मी भेटायला गेले तेव्हा जातं थांबलं नाही.

बाराव्या दिवशी दित्या आला. बरोबर बायजा, कडेवर धाकटं पोर, आणि बोरपाणीचे आठ-नऊ लोक. त्या दिवशी नेमकी त्याच्या नेमणुकीची बैठक होती. शाळेच्या दालनात सगळे बसलेले, ठराव लिहून तयार. दित्या दारातच उभा राहिला. त्यानं कुणाला नमस्कार केला नाही, आवाजही चढवला नाही. तो काय म्हणतो ते मास्तरांना नीट कळावं म्हणून मी मध्ये उभी राहिले.

"मन्ही बाई कोठे शे?"

"आबा, ती सुखात आहे," मास्तर म्हणाले. "तिनं स्वतःहून हे केलंय. तुम्हाला आता अडचण नाही."

"मास्तर, तुम्हनी पहिली बायको कोठे शे?"

मला वाटलं मी हे सांगू नये. पण मास्तरांना तेवढी खानदेशी येत होती. त्यांचा चेहरा उतरला. "ती वारली. प्लेगात."

"तुम्ही तिले सोडी दिन्ही व्हती का?"

"नाही." मास्तर म्हणाले. "शेवटपर्यंत तिच्याजवळ होतो."

"मंग मी बी मनीजवळ राहसू," दित्या म्हणाला. "वडील तुम्ही व्हा. आम्हले आम्हनी मोठी माय द्या."

साहेबांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. या वेळी कुणीच मिटले नाहीत. मास्तर उठले. त्यांनी हातातला ठराव टेबलावर ठेवला आणि जे बोलले ते मला शब्दशः आठवतंय, कारण मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की त्यांचं एक अक्षर सुटू द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

"शास्त्राचा अर्थ माझ्या सोयीनं मी बदलणार नाही," ते म्हणाले. "दोन बायकांच्या नवऱ्याला मी वडील मानू शकत नाही. पण तिसरा अर्थ चुकीचा आहे असंही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तो मी खोडला, कारण तो मला लागू होत होता. दुसऱ्याला जे माप लावलं ते मला लागतं की नाही याची शंका असताना मी या खुर्चीवर बसणार नाही. माझं नाव काढा."

नाना उठून त्यांच्या जवळ गेले. "मास्तर, असं करू नका. मी बोललो ते भांडणात बोललो."

"नाना, तुम्ही खरं बोललात."

ते खरोखर गेले. छत्री विसरले, ती नाना धावत जाऊन देऊन आले. मास्तर पुन्हा वडीलमंडळात बसले नाहीत, मरेपर्यंत. लोक त्यांना साधू म्हणू लागले. मी नाही म्हटलं. माझा राग तेव्हाही गेला नव्हता. इतक्या प्रामाणिक माणसाच्या प्रामाणिकपणाचा बोरपाणीला उपयोग काय झाला? दित्या वडील झाला नाहीच, वर धुळ्यातला एकमेव वाचन केलेला माणूसही गेला. पण एक सांगायला हवं. त्या दिवशी मास्तर तसेच आश्रमात गेले आणि सायकीला म्हणाले, "अक्का, आमचं चुकलं. तुमचे लोक न्यायला आलेत." मी दारात होते. सायकी उठली, पांढरं लुगडं आश्रमातल्या एका म्हातारीला दिलं आणि पदर झटकून निघाली. बायजानं तिच्या कडेवर पोर दिलं.

पुढे साहेब गेले. वडीलमंडळात नवे लोक आले, जुने वारले. 'बोरपाणी: वडील नाही' असा शेरा वहीत पडला तो तसाच राहिला. वर्षातून दोनदा धुळ्याहून पाळक, म्हणजे पाद्री, जात, प्रभुभोजन देत, मुलांचे बाप्तिस्मे करत. पावसाळ्यात मरणाऱ्यांनी पावसाळ्यात मरू नये, एवढीच आमच्या व्यवस्थेची अपेक्षा.

सायकी पावसाळ्यातच मेली. सात-आठ वर्षांनंतरची गोष्ट. मी आषाढ लागायच्या आत एकदा जाऊन यावं म्हणून गेले आणि पाऊस लवकर आल्यानं पलीकडेच अडकले. त्या वेळी ती बरेच दिवस खाटेवर होती. कोयनेलचा उपयोग झाला नाही. एका सकाळी बायजाच्या मांडीवर गेली.

पावसानं उघडीप दिली तेव्हा दुपारी तिला उचललं. टेकडीवर खड्डा तयार होता. सगळं गाव जमलेलं, गुमान आणि त्याची बायकोही. आणि पुन्हा तेच. सगळे उभे, कुणी बोलेना. दित्या आता म्हातारा झाला होता. काठी टेकून तो माझ्याकडे वळला.

"माले मनाई शे," तो म्हणाला. "तू वाच, बाई. तुले कोनी मनाई करी नई."

खरंच, मला कुणी मनाई केली नव्हती. बाई प्रेतविधी करील असं कुणाच्या डोक्यातच न आल्यामुळे तसा ठरावच झाला नव्हता. मी पुस्तक उघडलं. पहिल्या दोन ओळींना माझा आवाज फुटेना, मग फुटला. सगळं वाचलं, प्रार्थना केली, तिचं नाव घेतलं. मग गुमानच्या बायकोकडे पाहिलं आणि न विचारता तिच्या पोराचंही नाव घेतलं. ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. इतक्या वर्षांनी.

पावसाळा संपल्यावर मी अहवालात ते लिहिलं. लपवायचं काय होतं? धुळ्याहून बोलावणं आलं. बैठक! विषय : बायबलबाईने केलेला प्रेतविधी ग्राह्य धरावा की कसे. एक सोडून दोन बैठका. एकाचं म्हणणं, बाईनं मंडळीत गप्प राहावं असं पौलानं लिहिलंय. दुसऱ्याचं म्हणणं, टेकडी ही मंडळी धरायची की नाही ते आधी ठरवा. सायकी पुरली गेली होती, तिच्यावर गवत उगवलं होतं. ग्राह्य नसेल तर हे तिला वर काढणार होते की काय, हे मला विचारायचं होतं. थकलेले नाना एका कोपऱ्यात बसले होते. ते एकदाच बोलले, "बाईंना बसायला खुर्ची द्या आधी." कुणीतरी दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा मी बाकावरून उठून टेबलाजवळ बसले.

नव्या अध्यक्षांनी विचारलं, "बाई, आपण हे कोणत्या आधारावर केलंत?"

मी म्हटलं, "नदीला पूर होता. प्रेत होतं. वाचता येणारी मी एकटी होते."

चिटणीस लिहून घेत होते. त्यांनी टाक थांबवला आणि अगदी मनापासून विचारलं, "कोणता अध्याय?"

निर्णय झाला नाही, तहकूब झाला. पुढे मी निवृत्त झाले, म्हणून तो विषय वहीत तसाच असेल. त्या प्रेतविधीचं मला काहीच वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, आणि आवाज पहिल्या ओळीपासून फुटेल. मला लागून राहिलंय ते दुसरंच. सायकी गाठोडं घेऊन माझ्या दारात आली तेव्हा पोराला देवाचं नाव मिळालं नाही ते आपल्यामुळे, हे तिच्या मनात बसलेलं होतं, आणि ते काढून टाकायला माझ्याकडे सबंध सकाळ होती. मोटर दुपारी सुटायची होती. मी तिला भाकरी वाढली, तिकिटं काढली, आणि गप्प बसले.